चांगुणाची भूक

उज्वला आमच्या घरी राहायला आली तेव्हा लातुरात ज्याच्या त्याच्या घरावर एक मजला चढत होता. दोन हजार साल असेल. बाहेरगावची मुलं अकरावी-बारावीला लातुरात यायची, सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी परत क्लास. चौकाचौकात बोर्डात आलेल्या मुलांचे मोठमोठे फोटो लागलेले असत. माझे वडील दत्तोपंत शाळेत गणित शिकवायचे. त्यांनीही गच्चीवर दोन खोल्या काढल्या आणि त्या मुलींनाच द्यायच्या असं ठरवलं. घरात अभ्यास करणाऱ्या मुली असल्या म्हणजे मीही, त्यांची मृण्मयी, पुस्तक हातात धरेन, असा त्यांचा हिशेब होता.

उज्वलाला सोडायला दोघं जण आले होते. एक तिचे वडील रेवणप्पा, आणि दुसरा मामा शिवमूर्ती. मामा पंचविशीच्या आतलाच, मुखेडकडचा शेतकरी. त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली होती. रेवणप्पा मात्र दाराच्या आत येईनात. मान वर करून छताकडे बघत उभे राहिले.

"मास्तर, स्लॅब हाय का?"

"हो, स्लॅबच आहे."

"लोखंड किती घातलंय?"

माझ्या वडिलांच्या कपाळावर आठी आली. मग त्यांनी गावाचं नाव विचारलं. तेरणेच्या काठचं ते गाव ऐकल्यावर त्यांची आठी गेली. रेवणप्पांना हाताला धरून जिन्यावरून वर घेऊन गेले, खांब दाखवले, तुळया दाखवल्या, गच्चीच्या कडेला अजून उघड्या असलेल्या सळया दाखवल्या. रेवणप्पांनी एकेक सळई हातानं दाबून पाहिली. तेव्हा कुठं ते खाली येऊन चहा प्यायले.

उज्वलानं तिची हकीकत मला एकदम सांगितली नाही. पुढच्या कित्येक वर्षांत तुकड्यातुकड्यानं कळली. त्र्याण्णवच्या भूकंपात, गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे, त्यांचं घर बसलं. मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती, वर मातीचं धाबं. रेवणप्पा शेतात राखणीला होते म्हणून वाचले. उज्वला नऊ वर्षांची, गणपतीला मामाच्या गावी गेली होती म्हणून वाचली. घरात आई होती, कस्तुराबाई, आणि दोन वर्षांची धाकटी बहीण चांगुणा.

शिवमूर्ती तेव्हा सतरा वर्षांचा. बातमी कळल्याबरोबर मिळेल त्या ट्रकनं तो गावात पोचला आणि पहारीनं, नंतर नुसत्या हातानं दगड उपसत राहिला. पहिल्यांदा त्याला बहीण सापडली. ती गेली होती. तिच्या पलीकडं तुळई तिरपी पडून जी पोकळी झाली होती तिच्यात चांगुणा बसलेली होती, जिवंत, अंगावर ओरखडासुद्धा नाही. मामानं उचलून घेतली तर ती रडली नाही. त्याच्या हाताची माती चाटायला लागली.

पुढं वर्ष-दीड वर्ष सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. मदतीचे ट्रक यायचे, बिस्किटं यायची, ब्रेड यायचा, मोठमोठ्या पातेल्यांत खिचडी शिजायची. चांगुणा खात सुटली. पहिल्यांदा लोकांना बरंच वाटलं. मरणातून आलेलं लेकरू, खाऊ द्या. मग तिचे गाल डोळ्यांवर चढले, मांड्या एकमेकींना घासून सोलायला लागल्या, आणि तरी तिचं "भाकर दे" थांबेना. पाच वर्षांची होईपर्यंत तिला कडेवर घेणं कुणालाच जमत नव्हतं. गावानं त्याला नाव दिलं, भूकंपाची भूक. दगडाखाली असताना भूक तिच्या अंगात शिरली, असं सगळे म्हणायचे. रेवणप्पांचाही तोच समज. त्यांनी नवस केले, गंडे बांधले, आणि उपाय हरले की मारलं.

उज्वलाला मात्र एक गोष्ट आठवत होती. भूकंपाच्या आधीची. चांगुणा अंगावर पीत असताना आई वैतागून म्हणायची, "हिचं पोटच भरत न्हाई माय." दूध पिऊन झालं की ती हिसकून रडायची. पण नऊ वर्षांच्या पोरीला याबद्दल कोण विचारणार? आणि तिनं सांगितलं असतं तरी ऐकणार कोण?

यातलं काहीही आमच्या घरी असताना तिनं सांगितलेलं नव्हतं. "धाकटी हाय गावाकडं," एवढंच. फोटो नव्हता. आईचाही फोटो नव्हता, घराबरोबर गेला होता.

बारावीनंतर डॉक्टरकी तिला थोडक्यात हुकली. ज्यांची हुकली त्यांच्याबद्दल लातुरात कुणी बोलत नाही, फोटो लागतात ते नंबर लागलेल्यांचे. ती आठवडाभर गच्चीवरून खाली आली नाही. मग शिवमूर्ती आला, आणि तिनं बायोटेक्नॉलॉजी घेतलं. पुढं नांदेडला विद्यापीठात आम्ही दोघी परत एकत्र, एकाच खोलीत आलो, मी रसायनशास्त्राला, ती तिच्या विषयाला. पुढं ती संशोधनालाही तिथंच राहिली. विषय तिनं घेतला लठ्ठपणाचा, तोही पेशींच्या आत, रेणूंच्या पातळीवर. विभागातले लोक हसले. एक सर तर तोंडावर म्हणाले, "मराठवाड्यात जिथं हाडं मोजून घ्यावीत अशी माणसं, तिथं तुम्हाला लठ्ठपणा सुचतोय?"

उज्वला म्हणाली, "हाय सर, इथं बी हाय."

त्याच सुमारास डेन्मार्कच्या एका विद्यापीठाशी आमच्या विद्यापीठाचा करार झाला. या विषयावर काम करणारा त्यांचा एक विद्यार्थी इकडं यायचा, इकडचा एक तिकडं जायचा, सहा-सहा महिने. आधी तिकडून मारेन आली. उंच, पिंगट केसांची, सायकलवर बसून सगळं नांदेड पालथं घालणारी. खेड्यातली बारीक माणसंसुद्धा साखरेच्या आजाराला का बळी पडतात, हे तिला बघायचं होतं. मराठीतला पहिला शब्द ती शिकली तो "बास", कारण ज्या घरात जाई तिथं लोक ताटात वाढतच राहायचे. ताटावर दोन्ही हात धरून ती "बास, बास" म्हणायची आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

मारेनला उज्वलाचं गाव पाहायचं होतं. उज्वला टाळत राहिली. आधी पेरण्या चालू आहेत म्हणाली, मग वडील घरी नसतात म्हणाली. शेवटी एका रविवारी आम्ही तिघी एसटीनं निघालो. लातूरला गाडी बदलली. गाव जवळ आल्यावर उज्वला मला हळूच म्हणाली, "मृण्मयी, चांगूला बघून काही बोलू नको. तिला समजतं."

पुनर्वसनात मिळालेलं सिमेंटचं घर, पुढं कडुनिंब. ओसरीवर चांगुणा बसली होती, मांडीवर वाकळ घेऊन टाके घालत. सोळा वर्षांची. ती बाजेवर मावत नव्हती. तिच्यासाठी जमिनीवरच जाड गादी होती. चेहरा मात्र लहान मुलीचा, अगदी गोड. वाकळीचे टाके इतके बारीक आणि सरळ की मी बघतच राहिले. घरात फडताळाला कुलूप होतं आणि भाकरीची दुरडी त्या कुलपाच्या आत.

मारेननं गावातल्या मुलांना वाटायला बिस्किटांचे पुडे आणले होते. रिवाजाप्रमाणे तिनं एक पुडा चांगुणाच्या हातात दिला. उज्वला उठेपर्यंत पुडा संपला होता. चांगुणानं कागद उलटा करून हातावर झटकला, भुगा चाटला आणि मारेनच्या पिशवीकडं बोट करून विचारलं, "आजून हाय का?"

मारेननं दुसरा दिला. तोही गेला. तिसऱ्याला रेवणप्पांनी पोरीच्या हातावर फटका मारला. "चोट्टी. पाव्हण्यांम्होरं बी लाज न्हाई." चांगुणा रडली नाही, पुड्याकडंच बघत राहिली. तिच्या डोळ्यांत हावरेपणा नव्हता. रुग्णालयात वेदनेनं तळमळणारी माणसं नर्सकडं ज्या नजरेनं बघतात, ती नजर होती ती.

परतीच्या गाडीत मारेननं वही काढली. मग तिनं विचारलं, जन्मली तेव्हा वजन नेहमीसारखं होतं का? भूक कधीपासून? आई-वडील नात्यातले होते का?

"माझे वडील म्हणजे माझ्या आईचे सख्खे मामा," उज्वला म्हणाली. आमच्याकडं त्यात नवल काही नाही.

"मग तुला माहीत आहे," मारेन म्हणाली.

"हो, मला अंदाज आहे. म्हणूनच हा विषय घेतला. पण तपासायची हिंमत होत नव्हती."

त्या दिवशी लातूर ते नांदेड, गाडीच्या खडखडाटात, उज्वलानं मला ते समजावून सांगितलं. अंगातली चरबी नुसती पडून राहत नाही. ती रक्तात एक द्रव्य सोडत असते, लेप्टिन. ते मेंदूपर्यंत पोचलं की मेंदूला कळतं, साठा पुरेसा आहे, आता खाणं थांबव. काही फार थोड्या मुलांत हे द्रव्य तयारच होत नाही. चरबी वाढत जाते आणि मेंदूला मात्र वाटत राहतं की उपासमार चालू आहे. अशा मुलांना ते द्रव्य बाहेरून सुईनं दिलं की ती जेवताना आपणहून हात आखडतात. परदेशात अशी मुलं बरी झाली होती. काही महिन्यांत सडसडीत झाली होती.

"म्हणजे चांगू बरी होईल?" मी विचारलं.

"ते द्रव्य नसलं तर," ती म्हणाली. पण सांगताना तिचा आवाज कापत होता, आणि तो आनंदानं कापत होता.

मग परवानग्यांची धावपळ झाली. रक्त बाहेर न्यायचं तर विद्यापीठाच्या समितीची संमती लागते, सरकारची लागते, घरच्यांची लागते. समितीतल्या एका बाईंनी विचारलं की मुलीला स्वतःला विचारलंय का. उज्वला परत गावी गेली. चांगुणाला सगळं समजावलं. ती म्हणाली, "सुई टोचल्यावर खायला देताल का?" उज्वलानं एक केळं देईन असं कबूल केलं आणि ते पाळलं. चांगुणाचं, रेवणप्पांचं आणि स्वतःचं, असं तिघांचं रक्त घेतलं. शिवमूर्ती रक्त काढताना तिथंच होता. म्हणाला, "माझं बी घ्या. मी काय परका हाय का?" उज्वलानं त्याचंही घेतलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. शिवमूर्ती बत्तिशीला आला तरी लग्नाचा थांबला होता, आणि का थांबला होता ते दोन्ही गावांना माहीत होतं. कस्तुराबाईच्या मागं घरानं ठरवलं होतं की भाची मामालाच द्यायची. उज्वलाच्या शिक्षणात त्यानं कधी आडकाठी आणली नाही. उलट तिला सोडायला, आणायला, तिच्या ट्रंका उचलायला तोच यायचा. ती सज्ञान झाल्यावर तिला त्यानं एकदाच विचारलं होतं, "तुझ्या मनात हाय का? नसलं तर आत्ता सांग." तिनं मान डोलावून "हाव" म्हटलं होतं. मला सांगताना ती लाजली होती. त्या लाजण्यात खोटं काही नव्हतं.

ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्या आईनं काढून दिलेला माझा लोकरी कोट एवढं घेऊन ती डेन्मार्कला गेली. दुपारीच अंधारतं, म्हणून फोनवर सांगायची. रस्त्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. पहिल्या आठवड्यात तिला प्राणीघर दाखवलं. एका पिंजऱ्यात नेहमीचा उंदीर होता, इकडून तिकडं पळणारा. शेजारच्या पिंजऱ्यात दुसरा, त्याच्या तिप्पट, चेंडूसारखा. तो हलत नव्हता. खाण्याच्या जाळीला तोंड लावून बसला होता आणि नुसते जबडे चालू होते. दाखवणारा मुलगा मजेनं काहीतरी बोलला. उज्वला बाहेर आली आणि बोळात खाली जमिनीवर बसली. मारेन धावत आली. "त्यानं माझ्याकडं बघितलं," उज्वला म्हणाली. "चांगू बघते तसं."

आधी रक्तातलं द्रव्य मोजायचं होतं. ते तिनं स्वतः मोजलं. शून्याजवळ यायला हवं होतं. चांगुणाचा आकडा भरपूर आला, चरबी जेवढी तेवढा. आकडा पाहून मारेननं यंत्र पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच आलं.

त्या दिवशी तिनं मला फोन केला. आधी नुसता आकडा वाचून दाखवला. मग म्हणाली, "मृण्मयी, तिच्यात ते द्रव्य हाय गं. पायजे तेवढं हाय."

"मग चांगलंच की."

"न्हाई. चांगलं न्हाई. निरोप जायलाय, पण तो ऐकणारा जो भाग मेंदूत असतो तो बिघडलाय. आता बाहेरून कितीही द्रव्य दिलं तरी उपयोग न्हाई. याला औषध न्हाई."

पुढं ती तिथं चार महिने राहिली. तो ऐकणारा भाग ज्या जनुकात लिहिलेला असतो, ते जनुक तिनं अक्षराअक्षरानं वाचून काढलं. एका जागी एक अक्षर बदललेलं निघालं. प्रत्येक माणसात जनुकाच्या दोन प्रती असतात; रेवणप्पांच्यात एक प्रत नीट, एक बिघडलेली. उज्वलातही तसंच. शिवमूर्तीतही तसंच. एक नीट प्रत असली की माणसाचं निभावतं. चांगुणाच्या मात्र दोन्ही प्रती बिघडलेल्या.

त्याबद्दल तिनं जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. पडद्यावर चांगुणाच्या दोन प्रती एकावर एक मांडून ती बसली होती. एक वडिलांकडून आलेली, एक आईकडून. आईचं या जगात काही उरलं नव्हतं. फोटो नाही, लुगडं नाही, ज्या भिंतीला ती पाठ टेकून बसायची ती भिंत नाही. "आणि इथं, सातासमुद्रापलीकडं, माझ्यासमोर आईचं लिहिलेलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही ओळी अगदी सारख्या. यातली एक आईची. कोणती, ते सांगता येत न्हाई. मी दोन्हीवरून बोट फिरवलं."

ती परत आली तेव्हा उन्हाळा लागला होता. तिच्याबरोबर गावी मीही गेले. जेवणं झाल्यावर तिनं रेवणप्पांना ओसरीवर बसवलं. चांगुणा गादीवर होतीच. तिला मुद्दाम उठवलं नाही.

"अप्पा, भूकंपाचा अन् हिच्या भुकेचा काही संबंध न्हाई. ही जन्मली तवापासूनच अशी हाय. पोट भरलं हे आपल्या मेंदूला कळतं. हिच्या मेंदूला ते ऐकूच येत न्हाई."

"म्हंजी तिला कसं वाटतंय?"

"तुमी चार दिस उपाशी राहिल्यावर वाटंल तसं. रोज. जेवून उठल्यावर बी."

रेवणप्पांनी डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. कडुनिंबाखाली कोंबड्या उकरत होत्या, त्यांच्याकडं ते बघत राहिले.

"म्हंजी ती चोरून खात नव्हती."

"न्हाई."

"उपाशी होती."

"हाव, अप्पा."

"सोळा-सतरा वर्षं माझ्या घरात लेकरू उपाशी होतं. अन् मी मारायलो."

ते उठले, चांगुणाजवळ गेले, आणि तिच्या पायाशी बसले. चांगुणानं सुई वाकळीत टोचून ठेवली.

"ताई, मला दवाई हाय का?"

"न्हाई चांगू."

"मग सांगितलंस कशाला?"

उज्वला तिच्याजवळ सरकली. मग चांगुणानंच विचारलं, "आता मला कुणी चोट्टी म्हणनार न्हाई?"

"म्हणलं तर माझ्याकडं आण त्याला," रेवणप्पा म्हणाले.

कुलूप मात्र काढता आलं नाही. भूक खरी असली तरी खाणं तिच्या जिवावर उठत होतं. उज्वलाला ते सांगणं जड गेलं. पण चांगुणाच म्हणाली, "कुलूप राहू दे. दिसलं की मी खाते, माझ्यानं राहवत न्हाई. फकस्त मला सांगून लावत जा. माझ्या माघारी लावू नका." तेव्हापासून रेवणप्पा फडताळ बंद करताना तिला हाक मारून सांगायचे, "लावतो गं माय." आणि ती आतून "हाव" म्हणायची. जेवायलाही दोघं बरोबर बसायला लागले. तिच्या ताटात जेवढं, तेवढंच त्यांच्या. ते वाळत चालले, पण त्यांनी ऐकलं नाही.

शिवमूर्ती निकाल ऐकायला आमच्या लातूरच्या घरी आला. मी गच्चीवर दोघांना चहा दिला आणि खाली गेले. पुढचं उज्वलानं सांगितलेलं.

"मामा, तुमच्यात बी हाय. माझ्यात बी हाय."

"म्हंजी आपल्याला लेकरू व्हणार न्हाई?"

"होईल. पण चारातलं एक चांगूसारखं होऊ शकतं. कोणतं, ते नशिबावर."

त्यानं पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मग लेकरंच नको. तू अन् मी. चांगूला बी आपल्याकडं आणू."

उज्वला मला म्हणाली, "मला तवा हाव म्हणायचं होतं. ओठावर आलं होतं." पण तिच्या डोळ्यांपुढं शिवमूर्तीची आई येत होती. रेवणप्पांची ती सख्खी बहीण. तिची एकुलती लेक दगडाखाली गेली होती आणि आता हा एकुलता मुलगा. तिच्या घरात पाळणा हलणार नाही, आणि त्याचं कारण ती रोज ज्या सुनेच्या हातचं जेवणार तीच, हे उज्वलाला झेपेना.

"मामा, तुमी नात्याबाहेरची करा."

"तुला माझ्यात काय कमी दिसलं?"

"काही न्हाई. म्हणूनच सांगायले."

तो उठून गेला. जाताना त्यानं माझ्या वडिलांच्या पाया पडून निरोप घेतला, नेहमीसारखा. दोन वर्षांनी त्यानं देगलूरकडच्या मुलीशी लग्न केलं. उज्वला लग्नाला गेली, हळदीपासून वरातीपर्यंत राबली. त्याला दोन मुली झाल्या, दोघी धडधाकट. उज्वलानं लग्न केलं नाही. स्थळं आली. तिनं कारण सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारणं सोडून दिलं.

चांगुणा बावीस वर्षांची होऊन गेली. हिवाळ्यात छातीत कफ झाला. एवढ्या शरीराला श्वास पुरेना. लातूरच्या दवाखान्यात आणलं, पण उशीर झाला होता. शेवटच्या दिवशी नुसतं सलाइन होतं, धाप लागते म्हणून काही खायला देत नव्हते. तिनं उज्वलाचा हात धरून विचारलं, "ताई, तुला आत्ता भूक लागली का?" उज्वला म्हणाली, "न्हाई." "कसं वाटतं गं?" उज्वलानं सांगितलं की काहीच वाटत नाही, पोटाकडं लक्षच जात नाही. चांगुणा ते ऐकून हसली. तिला ते खरं वाटलं नसावं.

उज्वलाचे लोक लिंगायत, त्यांच्यात दफन करतात. खड्डा मोठा काढावा लागला. कुदळ शिवमूर्तीनं हातात घेतली आणि दुसऱ्या कुणाला दिली नाही.

उज्वला आता लातुरात एका कॉलेजात शिकवते आणि परत आमच्याच घरी राहते. तो करार अजून चालू आहे. इकडून जाणाऱ्या मुलांची तयारी तीच करून घेते. गेल्या खेपेला तिची विद्यार्थिनी मनस्विनी गेली. लग्नसराईच्या आधी उज्वला मुखेड, लोहा, निलंगा भागातल्या गावांत फिरते. नात्यात लग्न ठरलेल्या घरांत जाऊन बसते, रक्त तपासून घ्या म्हणून सांगते. कुठं ऐकतात, कुठं अंगणातूनच वाटेला लावतात. एका गावात महादेवप्पा म्हणून एक म्हातारे तिला म्हणाले, "बाई, तुमी लग्नं मोडायला फिरता." ती म्हणाली, "माझं मोडूनच आलेय आजोबा." त्यांनी तिला आत बोलावलं.

टाळेबंदीच्या साली, थंडीच्या सुरुवातीला, मारेनचा फोन आला. ती आता तिकडं स्वतःची प्रयोगशाळा चालवते. चांगुणाला होता तोच बिघाड असलेल्यांसाठी औषध निघालं होतं. बिघडलेला भाग वगळून मेंदूला पुढच्या टप्प्यावर निरोप देणारं. अमेरिकेत त्याला नुकतीच मान्यता मिळाली होती. मारेन रडत होती. उज्वलानं तिला शांत केलं, वय किती लागतं, कोणाला देतात, सगळं विचारून घेतलं. फोन ठेवला आणि मोबाइलवर दुपारचा तास घेतला. मी शेजारच्या खोलीत होते. तिचा आवाज कुठंही अडखळला नाही. तास संपल्यावर ती गच्चीवर गेली आणि अंधार पडेपर्यंत खाली आली नाही. मी वर गेले नाही.

दोन वर्षांमागं मुखेड तालुक्यातून एक बाई तिच्याकडं आली, दहा महिन्यांची मुलगी घेऊन. मुलगी तीन वर्षांच्या पोराएवढी. नवरा मामेभाऊ. आता तपासणी इथंच होते. तेच अक्षर निघालं. औषध एवढ्या लहान मुलांना अजून देत नाहीत, आणि आपल्याकडं ते मिळवणं सोपं नाही. मारेन तिकडून प्रयत्न करतेय, उज्वला इकडून. होईल की नाही, ते सांगता येत नाही.

त्या दिवशी मी सहज उज्वलाच्या विभागात गेले होते. ती बाई मान खाली घालून बसली होती. मांडीवरची पोर हिसकून रडत होती.

"ताई, सासूबाई म्हणतात, माझं दूध हलकं हाय. म्हणून लेकराचं पोट भरत न्हाई. माहेरी पाठवायच्या गोष्टी करायलेत."

"तुझ्या दुधात काही खोट न्हाई," उज्वला म्हणाली. "लेकरात बी न्हाई. सासूबाई आल्यात का बरोबर?"

"भायेर बसल्यात."

उज्वला स्वतः उठून बाहेर गेली. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून आत आणलं, आपली खुर्ची त्यांना दिली, रडणारी पोर स्वतःच्या कडेवर घेतली, आणि उभ्या उभ्याच पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.